सगळं पाणी ओव्हरबोर्ड

टेरा फर्मा हे शब्द ज्याच्या तोंडी असतात तो माणूस बहुतेक वेळा पाण्यावरून आलेला असतो. मी जन्मभर जमिनीवर राहिले, मला त्यांची गरज पडली नाही. पिशवी घेऊन बाजारात निघालेल्या बाईला आपण पक्क्या जमिनीवरून चाललो आहोत असं मुद्दाम वाटत नाही. बोटीवरून उतरलेल्याला किंवा विमानातून उतरलेल्याला ते वाटतं. तो हे शब्द उच्चारतो, हसतो, आणि समोरच्यांनीही हसावं अशी त्याची अपेक्षा असते. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत माझ्या नवऱ्याने ते उच्चारले तेव्हा मीही हसले होते. अर्थ मला माहीत नव्हता.

नवरा मालवाहू जहाजांवर सारंग होता. कागदावर बोसन लिहितात, पण आमच्या रत्नागिरीकडे अजून सारंगच म्हणतात. डेकवरच्या खलाशांचा मुकादम. डेक धुऊन घ्यायचा, गंज खरवडून घ्यायचा, रंग मारून घ्यायचा, दोर आणि नांगर सांभाळायचे. त्याच्या पहिल्या जहाजाच्या कप्तानाला एक सवय होती. जहाज बंदराला लागलं की तो शिडीवरून उतरून धक्क्यावर बूट आपटायचा आणि ओरडायचा, “टेरा फर्मा, सारंग!” नवरा गावच्या मराठी शाळेत शिकलेला. ते दोन शब्द त्याने उचलले आणि घरी आणले, जशी चॉकलेटं आणि अत्तराच्या बाटल्या आणायचा तसेच. सुट्टीवर आला की रिक्षातून अंगणात दोन्ही पाय जुळवून उडी मारायचा आणि म्हणायचा, “टेरा फर्मा!”

सासू दारात उभी असायची. “आला मंतर म्हनत. ह्याचा अर्थ तरी काय रे?”

“पक्की जमीन, आये.”

“मग आमी काय इतकी वर्सं चिकलात बसलोत?”

सगळे हसायचे. पुढच्या सुट्टीत तीच उडी, तोच प्रश्न. दोन सुट्ट्यांच्या मधल्या काळात मुलीचा ताप, सासऱ्यांचं आजारपण, त्यांचं जाणं, आंब्याची काढणी, माझी सरकारी दवाखान्यातली परिचारिकेची नोकरी हे सगळं त्याच चिखलात चालायचं. सासऱ्यांच्या बाराव्याला नवरा नव्हता. त्याचं जहाज कुठल्या तरी समुद्राच्या मध्यावर होतं. त्यात त्याचा दोष नव्हता. पण दोष नाही म्हणून कामं कमी होत नाहीत.

माझं माहेर अलोऱ्याचं, तेही प्रकल्पाच्या वसाहतीतलं. वडील पोफळीला वीजगृहात कामाला होते. त्या भागात जमीन अधूनमधून हलते. मांडणीतल्या कपबश्या वाजायला लागल्या की आई लाटणं खाली ठेवून मांडणीला पाठ लावून उभी राहायची. थांबलं की परत लाटायला घ्यायची. पोळी तव्यावर करपली तर तेवढं हळहळायची. त्यामुळे हलणाऱ्या जमिनीची भीती मला कधी बसली नाही. भीती बसली ती वडील निवृत्त झाले तेव्हा. क्वार्टर परत करायचं होतं. आईने लावलेला सोनचाफा तिथेच ठेवावा लागला. निघायच्या दिवशी तिने भिंतीतले खिळे पकडीने एकेक करून उपटले आणि रुमालात बांधून घेतले. वडील म्हणाले, “अगं, खिळे कशाला?” ती म्हणाली, “ते मी आणलेले.” मी तेव्हा कॉलेजात होते. पक्की जमीन म्हणजे जिथून कुणी आपल्याला ऊठ म्हणत नाही ती, एवढं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. हलेना का थोडी.

म्हणून नवऱ्याने सड्यावर घर बांधायचं काढलं तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त आनंद मला झाला होता.

आमचं गाव रत्नागिरी शहरापासून फार लांब नाही. वाडी खाली, माडापोफळीत, जिथे पाणी आहे तिथे. डोक्यावर सडा. सडा म्हणजे सपाट काळा कातळ, पावसात त्याच्यावर गवत, बाकी वर्षभर ऊन. सासऱ्यांच्या वाट्याची एक लांबट पट्टी तिथे होती. तिचं एक टोक डांबरी रस्त्याला, दुसरं थेट काठाला. काठाखाली उभा कडा आणि कड्याखाली समुद्र. पूर्वी ती पट्टी गवतापलीकडे कुणाच्या उपयोगाची नव्हती. आता सड्यावर बंगले उठायला लागले होते.

मी म्हटलं, “रस्त्याला लागून बांधूया. नळाची लाइन तिथपर्यंत आलीय.”

“रस्त्याला बांधून बघायचं काय? एसटी?”

“अर्धा जन्म समुद्र बघितलात, अजून पोट भरलं नाही?”

“अगं, समुद्रातून समुद्र बघणं निराळं. मला जमिनीवर पाय ठेवून बघायचाय.”

“काठ कधी खचेल सांगता येत नाही.”

“हा कातळ? पहार लागत नाही त्याला. लाव बघू.”

पहार लागत नाही हे खरं होतं. पण आमच्याकडे विहीर खणताना काय निघतं हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. वरचा कातळ फोडेपर्यंत माणसं घामाघूम होतात आणि मग खाली लागते ती शेडी. पांढुरकी, गुलाबी, हातात कुस्करली जाणारी माती, ओली झाली की साबणासारखी. वरचा कातळ म्हणजे तिच्यावरचं झाकण. लहानपणी त्याने त्याच शेडीचे बैल केलेले होते. पण जमीन त्याच्या नावाची, पगार त्याचा, सुट्टीही त्याची. घर काठाला झालं.

जांभ्या चिऱ्याचं चांगलं घर होतं. वाईट बांधलं असं मी म्हणणार नाही. समुद्राकडे दोन खोल्या, त्यांना जोडून लांब गॅलरी, पुढे फरशी घातलेलं अंगण आणि अंगणाला जहाजासारखा पाइपचा कठडा. फाटकावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी, तिच्यावर कोरलेली अक्षरं: टेरा फर्मा. खालून सासूला रिक्षाने वर आणलं. तिने पाटीवरून हात फिरवला, कठड्यावरून खाली बघितलं आणि म्हणाली, “बोटच बांदलीस की रे. नांगर कुठं टाकतोस?”

नवरा हसला. मी त्या वेळी पाइप बघत होते. छपराचे पन्हाळीचे पाइप, न्हाणीघराचं पाणी, मोरीचं पाणी, सगळं त्याने काठाकडे नेलं होतं. आमच्याकडे कुठल्याही घरात न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात जातं, मोरीचं केळीला किंवा अळवाला. नवीन घरात राहायला गेलेली बाई आधी पाणी कुठे सोडायचं ते बघते आणि मग तिथे अळू लावते.

“न्हाणीचं पाणी मागे सोडूया. मी माड लावते.”

“घाण पाणी घराभोवती कशाला फिरवायचं? ओव्हरबोर्ड. एकदा बाहेर टाकलं की ब्याद गेली.”

जहाजावर पाण्याचा नियम तोच आहे. डेकवर पाणी साठू द्यायचं नाही, कडेच्या भोकांतून बाहेर घालवायचं. बाहेर टाकलेलं पाणी पाण्यात मिळतं, त्याचं पुढे काय झालं हे कुणाला बघावं लागत नाही. जमिनीवर टाकलेलं पाणी कुठे जात नाही, ते खाली उतरतं. हे कुठल्याही घरकाम करणाऱ्या बाईला कळतं. सारंगाला कळायची वेळच आली नव्हती, कारण तो जमिनीवर पाहुणा म्हणून राहिलेला.

मग तो कायमचा घरी आला. शेवटची उडी फाटकात मारली. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठून पाइप लावून अंगण धुवायला लागला. बोअरला पाणी चांगलं लागलं होतं. मी डबा भरत असायचे तेव्हा बाहेर पाण्याचा फवारा आणि खराट्याचा आवाज चालू असायचा. खराट्याने पाणी कठड्याखालच्या भोकांकडे ढकलायचा आणि मग कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघत उभा राहायचा. गावातलं कुणी आलं तर “डेक सुकू दे जरा” म्हणायचा. घरात दुसरं काम त्याला सुचत नव्हतं. बाजारात जायचा तर वाण्याशी घासाघीस येत नाही. मुलगी पुण्याहून फोन करायची, तर हा हवा कशी आहे एवढं विचारून फोन माझ्या हातात द्यायचा. रात्री जेवताना जहाजावरच्या गोष्टी सांगायचा, त्याच त्याच. मी ऐकायचे. दिवसभर दवाखान्यात उभी असायचे, बसून ऐकण्यात मला तोटा नव्हता.

एका पावसाळ्यानंतर अंगणात भेग दिसली. केसाएवढी, कठड्याला समांतर. नवऱ्याने ती खरवडली, पुटीन भरलं आणि वरून रंग मारला. जहाजावर गंजाचं तसंच करतात. पुढच्या पावसाळ्यानंतर ती पुन्हा दिसली, आणि तिची जोडीदारीण गॅलरीच्या भिंतीत. त्याने दोन्ही खरवडल्या, भरल्या आणि रंगवल्या. या वेळी रंग करडा आणला होता, जहाजाचा.

मी रविवारी नीळ घेतली, कपड्यांना लावतात ती, बादलीभर पाण्यात कालवली आणि मोरीत ओतली. आणखी दोन बादल्या तशाच ओतल्या. मग ओहोटी बघून पायवाटेने खाली कड्याच्या पायथ्याला गेले. बराच वेळ खडकावर बसले. कातळ संपतो आणि शेडी सुरू होते त्या रेषेवरून हळूहळू निळा ओघळ आला. जिथून आला तिथे कातळाखाली पोकळी झाली होती, वासरू उभं राहील एवढी. वर मान करून बघितलं तर आमच्या कठड्याचा पाइप बरोबर डोक्यावर.

नवऱ्याला खाली आणलं आणि दाखवलं. त्याने ओघळ बघितला, पोकळी बघितली. मग पाठ फिरवून समुद्राकडे बघत म्हणाला, “गळती जहाजाच्या टाकीलापण असते. म्हणून कुणी जहाज सोडत नाही.”

“जहाज सोडा म्हणत नाही मी. समुद्राकडच्या दोन खोल्या पाडू. सगळं पाणी वळवून रस्त्याकडे घेऊ. मागचं घर राहील.”

“मग समुद्र कसा दिसायचा?”

“दोन खोल्या जातात की सगळं घर, ते ठरवा. पुढच्या पावसाच्या आत.”

मी घर सोडायला सांगत नव्हते. जन्मात पहिल्यांदा माझ्या पायाखाली अशी जागा आली होती जिथून मला कुणी ऊठ म्हणणार नव्हतं, आणि ती माझाच नवरा रोज सकाळी पाइप लावून धुऊन काढत होता.

तो अखेर हो म्हणाला. शिमग्यानंतर माणसं लावायची ठरली. पालखी घरोघर फिरून देवळात परत गेली, गवंडी येऊन बघून गेला. त्याच आठवड्यात मुंबईहून एजंटाचा फोन आला. एका जहाजाचा सारंग आजारी पडला होता, अनुभवी माणूस ताबडतोब हवा होता. नवरा अंगणात फेऱ्या मारत बोलत होता. आवाज बदललेला. वाण्याकडे गेल्यावर त्याचा आवाज पडायचा, तो हा आवाज नव्हता.

“जाताय?” मी विचारलं.

“थोड्याच महिन्यांचं आहे. अडलेत ते.”

“मी पण अडलेय.”

“गवंड्याला सगळं सांगितलंय. तू आहेस की.”

तू आहेस की. आमच्या लग्नात हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा स्वतःचं नाव ऐकलं नसेल.

बॅग भरायला त्याला कुणाची मदत लागत नाही. त्या दिवशी त्याने स्वतःहून पंख्याचं रेग्युलेटर दुरुस्त केलं, चहा केला, मला दिला. घरात राहत होता तेवढ्या काळात एवढा मोकळा तो मला दिसला नव्हता. भिंतीला भेग पडली तेव्हाच त्याच्या मनाने जहाज धरलं असावं, फोन नंतर आला.

मी खाली जाऊन सासूला सांगितलं. ती मासे साफ करत होती.

“गेला?”

“गेला.”

“बरा गो बोटीवरच. थितं बुडायला लागलं तर निदान घंटा तरी वाजिवतात.”

त्याच सुमाराला मुलीने फोनवर एक गोष्ट सांगितली. तिने कुठेतरी वाचलं होतं. “आई, आपल्या पाटीचा अर्थ फक्त पक्की जमीन नाही. व्हेनिस म्हणून शहर आहे ना, पाण्यात बांधलेलं? तिथले व्यापारी आणि दर्यावर्दी समोरच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या ताब्यातल्या मुलखाला तेच म्हणायचे. स्वतः राहायचे पाण्यावर. धान्य, लाकूड, कर तिकडून यायचं.”

“आणि तिथले लोक?”

“ते असणारच तिथे. कामं करत.”

मी बरं म्हटलं आणि भात लावला. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो उडी मारतो ती अंगणात. अंगण, त्यात उभी असलेली आई, बायको, पोर, गाय, सगळं मिळून टेरा फर्मा होतं. पाण्यावर राहणाऱ्याची किनाऱ्यावरची मालमत्ता. अधूनमधून येऊन पाय आपटून बघायची, जागेवर आहे ना.

गवंडी आला तेव्हा मी त्याला सांगितलं, दोन खोल्या नाही, सगळंच उतरव. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. “मालकांना विचारलंत?” मी म्हटलं, “मालक बोटीवर आहेत. कड्याला विचारून घेतलंय.” कौलं उतरवली, वासे काढले, दारं-खिडक्या चौकटीसकट काढल्या. सिमेंटात बसवलेला चिरा सुटताना निम्मा फुटतो. जे चिरे धड निघाले ते ट्रॅक्टरने पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्यालगत नेले. मी आधी म्हटलं होतं त्याच जागी. तेवढ्या चिऱ्यांत तीन खोल्या झाल्या. पन्हाळीचं पाणी मागे नेलं, न्हाणीचंही मागे. माड लावले, अळू लावलं. दवाखान्यातून रजा मिळाली नाही, म्हणून सगळं ड्यूटीच्या आधी आणि नंतर. भिंतीतले खिळे मी उपटले नाहीत. ते वाकले होते.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा आवाज मधेमधे तुटत होता. “सगळं पाडलंस? दोनच खोल्या ठरल्या होत्या ना?”

“ठरल्या तेव्हा तुम्ही इथे होतात.”

“गॅलरी तरी…”

“गॅलरीच्या खिडक्या ठेवल्यात. त्यांना पडदे लावलेत. बाहेर रस्ता दिसतो.”



श्रावणात काठ गेला. आवाज ऐकू आला नाही, पाऊसच एवढा होता. सकाळी छत्री घेऊन बघायला गेले तर फरशीचं अंगण नव्हतं, पाइपचा कठडा नव्हता आणि जिथे दोन खोल्यांचा पाया होता तिथून कडा सुरू होत होता. मागच्या जोत्यालाही आरपार भेग गेली होती. म्हणजे दोनच खोल्या पाडल्या असत्या तर उरलेलं घरही राहिलं नसतं. हे कळून मला बरं वाटायला हवं होतं. खाली समुद्र गढूळ गुलाबी झाला होता, शेडीने. मी परत आले, कपडे बदलले आणि ड्यूटीवर गेले.

गणपती विसर्जन होऊन गेल्यावर तो आला. रिक्षा अगदी दारात थांबली, रस्ताच दारात. सासू सणाला वर आली होती ती अजून माझ्याकडेच होती. ती ओसरीवर बसलेली. नवऱ्याने आधी एक पाय खाली ठेवला, मग दुसरा, मग बॅग घेतली.

“आता मंतर म्हन की रे,” सासू म्हणाली.

त्याने बॅग ओसरीवर ठेवली. घरातून मागे जाऊन आला. माड बघितले. मग काठाच्या दिशेला चालत गेला आणि चहा गार झाल्यावर परत आला.

“पाटी कुठाय?” त्याने विचारलं.

“मागे. धुण्याला लावलीय.”

तो बघायला गेला. पाटी न्हाणीजवळ चार चिऱ्यांवर बसवलेली आहे, अक्षरं खाली. कोरलेली बाजू गुळगुळीत, तिच्यावर कपडा घसरतो. पाठ खरखरीत आहे, मळ चांगला निघतो. त्याने पाटीवर तळहात ठेवून दाबून बघितली. हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. तो बाहेर पाइपाचं वेटोळं खांद्यावर घेऊन उभा होता आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होता.

“अगं, बाहेरचा नळ कुठाय?”

“ठेवला नाही,” मी म्हटलं आणि डब्याचं झाकण लावलं.